३१ मार्चच्या रात्री शिल्लक शून्य होते: नागपूरकरांसाठी घरगुती सौर वीज, नेट मीटर आणि कर यांचा हिशेब

गच्चीवर सौर पॅनेल बसवलेल्या नागपूरकराला वर्षातला सर्वांत महत्त्वाचा दिवस कोणता असे विचारले, तर तो बहुधा मे महिन्यातील एखादी रणरणती दुपार सांगेल. प्रत्यक्षात तो दिवस ३१ मार्च आहे. त्या दिवशी नेट मीटरच्या खात्यातील शिल्लक युनिटांचे वर्ष संपते, आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे माळ्यावरचा कूलर उतरवून त्याच्या ताट्या बदलण्याच्या दिवसांत, ग्राहकाचे खाते शून्यापासून सुरू होते. दिवाळीपासून होळीपर्यंत साचवलेली वीज एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात उपयोगी पडेल, या समजुतीवर मोठा संच घेणारे लोक माझ्या पाहण्यात अनेक आहेत. नियमांची नीट ओळख नसल्याने त्यांचे पैसे पाण्यात गेले नाहीत, पण अडकून मात्र पडले. या मार्गदर्शनात म्हणूनच संचाचा आकार आणि वर्षाचा हिशेब यांना जास्त जागा दिली आहे, आणि करांच्या बाबतीत जे सरळ आहे ते थोडक्यात उरकले आहे.

नेट मीटर काय मोजतो आणि काय मोजत नाही

महाराष्ट्रात घरगुती छतावरील सौर संचाला महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे २०१९ चे विनियम लागू आहेत, आणि नागपूर शहरात त्यांची अंमलबजावणी महावितरणकडे आहे. या पद्धतीत जुना मीटर काढून दोन्ही दिशांनी मोजणारा मीटर बसवला जातो. ग्रिडमधून, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्यातून, घरात आलेली वीज म्हणजे आयात आणि घरातून ग्रिडमध्ये गेलेली वीज म्हणजे निर्यात, अशा दोन नोंदी तो स्वतंत्रपणे ठेवतो. बिलाच्या कालावधीत आयात जास्त असेल तर फरकाच्या युनिटांचे बिल येते, आणि निर्यात जास्त असेल तर फरकाची युनिटे पुढील महिन्यात जमा धरली जातात.

दुपारी पॅनेल वीज तयार करत असताना घरातील फ्रीज, पंखा किंवा पाण्याची मोटर जी वीज थेट वापरते, ती नेट मीटरपर्यंत पोहोचतच नाही, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या) ॲपवर महिन्याची निर्मिती ३६० युनिट दिसते आणि बिलावर निर्यात फक्त २१० दिसते, तेव्हा ‘दीडशे युनिट कुठे गेली?’ असा प्रश्न घेऊन ग्राहक कार्यालयात जातो. ती दीडशे युनिटे त्याच्याच घरात वापरली गेलेली असतात. घराचा खरा वापर काढायचा असेल तर आयातीत निर्मिती मिळवावी आणि त्यातून निर्यात वजा करावी. वरील उदाहरणात आयात १८० असेल, तर खरा वापर ३३० युनिट आणि पुढे जाणारी जमा ३० युनिट होते. हे गणित एकदा हातात बसले की बिल वाचायला कोणाची मदत लागत नाही.

मीटर वाचणेही शिकून घ्यावे. मीटरच्या पडद्यावर आकडे एकामागून एक फिरत राहतात, आणि घाईत पाहणारा माणूस त्यातील पहिला आकडा टिपून मोकळा होतो. बऱ्याच मीटरवर १.८.० या सांकेतिक क्रमांकासमोर एकूण आयात आणि २.८.० समोर एकूण निर्यात दिसते. आमच्या घरी मीटरची पेटी जिन्याखाली, स्कूटरच्या मागे आहे, आणि पडदा इतका मंद उजळतो की मोबाइलचा टॉर्च लावून, डोके वाकवून, दोन्ही आकडे येईपर्यंत थांबावे लागते. तरीही दर महिन्याच्या ठरावीक तारखेला दोन्ही आकड्यांचे छायाचित्र काढून ठेवण्याची सवय मी सोडलेली नाही, कारण वाद उपस्थित झाला तर शेवटी हेच छायाचित्र कामास येते.

युनिटे शून्य झाली म्हणजे बिल शून्य होत नाही, हेही आधीच समजून घ्यावे. दर महिन्याचा स्थिर आकार लागतोच, आणि महाराष्ट्रात घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क आकारले जात असल्याने त्या स्थिर आकारावरही शुल्क लागते. योजनेच्या नावात ‘मुफ्त बिजली’ असली आणि विक्रेत्याच्या फलकावर ‘बिल झिरो’ असले, तरी दरमहा काही रक्कम भरावीच लागेल असे गृहीत धरून चालावे. ती वेळेवर न भरल्यास थकबाकी दाखवली जाते, आणि ‘आमचे तर बिल येतच नाही’ या समजात राहिलेल्या घरांना कधीकधी वीज तोडण्याची नोटीस येते.

खरी बचत होते ती टप्प्यांमध्ये. घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे अशा टप्प्यांत असतात, आणि २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाताना युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होत होता. नेट मीटरमध्ये निर्यात वजा केल्यानंतर जी युनिटे उरतात त्यांनाच टप्पे लागू होतात, म्हणून संचाचा पहिला किलोवॅट सर्वांत महाग युनिटे कापतो आणि शेवटचा किलोवॅट सर्वांत स्वस्त युनिटे कापतो. विक्रेता ‘एवढी युनिटे गुणिले एवढा दर’ असा सरसकट हिशेब मांडतो, तेव्हा ही उतरंड त्यात दिसत नाही.

दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दराचा, म्हणजे टीओडीचा, मुद्दाही आता घरगुती ग्राहकांपर्यंत आला आहे. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रति युनिट ८० पैशांपासून सवलत १ जुलै २०२५ पासून सुरू झाली. २०१९ च्या विनियमांत टीओडी दर लागू असलेल्या ग्राहकासाठी अशी तरतूद आहे की, एका वेळेच्या खंडातील वापर आधी त्याच खंडातील निर्मितीशी वळता केला जातो, आणि उरलेली वीज कमी मागणीच्या वेळेत तयार झाली असे मानले जाते. दर आदेशात ही मांडणी वर्षागणिक बदलू शकते, म्हणून संच घेताना चालू वर्षाचा आदेश काय म्हणतो हे विक्रेत्याकडून नव्हे, तर महावितरणच्या परिपत्रकावरून पाहावे. व्यवहारात मात्र कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याची मोटर आणि इस्त्री दुपारी वापरण्याची सवय कोणत्याही पद्धतीत तोट्याची ठरत नाही.

ओघात एक सांगायला हवे. वीजपुरवठा खंडित झाला की साधा ग्रिडला जोडलेला संचही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. भर उन्हात, पॅनेल तापलेली असताना घरात अंधार झाला म्हणून विक्रेत्याला फोन करणाऱ्यांची संख्या कमी नाही. बॅटरीशिवाय याला उपाय नाही.

किती किलोवॅट घ्यावा

या प्रश्नाचे उत्तर मागील बारा बिलांत आहे. मानेवाड्याच्या आमच्या घरी आलेल्या पहिल्या विक्रेत्याने मे महिन्याचे एकच बिल पाहिले आणि ५ किलोवॅटचा संच सुचवला. मी त्याच्यासमोर बाराही महिन्यांची बिले ठेवली तेव्हा त्याने ‘पुढे एसी घ्याल, गाडी घ्याल’ असे सांगून विषय बदलला. तो खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही, परंतु त्याचा नफा किलोवॅटवर मोजला जातो आणि आपला नफा वापरलेल्या युनिटांवर, हा फरक विसरून चालत नाही.

गणित समजावे म्हणून एक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाचा वापर एप्रिलमध्ये ४५०, मेमध्ये ५५०, जूनमध्ये ४५०, जुलैत ३००, ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये प्रत्येकी २८०, ऑक्टोबरमध्ये २६०, नोव्हेंबरमध्ये २००, डिसेंबर व जानेवारीत प्रत्येकी १९०, फेब्रुवारीत २०० आणि मार्चमध्ये २८० युनिट आहे, म्हणजे वर्षाला ३,६३० युनिट. १ किलोवॅट संच दिवसाला सरासरी ४ युनिटांच्या आसपास वीज देतो. पावसाळ्यात ही निर्मिती बरीच उतरते आणि फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र, अजून न तापलेल्या दिवसांत ती चांगली असते. मेच्या उन्हाला आपण जेवढे श्रेय देतो तेवढे ते पात्र नाही, कारण पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्के कमी होते, आणि आपल्याकडे मेमध्ये पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतात.

आता ३ किलोवॅटच्या संचातून एप्रिल ते मार्च अनुक्रमे ४००, ४००, ३३०, २६०, २५०, ३१०, ३७०, ३५०, ३४०, ३५०, ३७० आणि ४२० अशी एकूण ४,१५० युनिट निर्मिती धरली, तर वर्षाच्या बेरजेत वापरापेक्षा निर्मिती जास्त आहे, आणि सरळ हिशेबाने एकाही युनिटाचे बिल यायला नको. प्रत्यक्षात मात्र एप्रिलमध्ये ५०, मेमध्ये १५०, जूनमध्ये १२०, जुलैत ४० आणि ऑगस्टमध्ये ३० अशी ३९० युनिटे विकत घ्यावी लागतात, कारण वर्षाच्या सुरुवातीला खात्यात काहीच शिल्लक नसते. सप्टेंबरपासून जमा होऊ लागते, आणि ३१ मार्चला ती ९१० युनिटांवर पोहोचते. ही ९१० युनिटे एप्रिलमध्ये पुढे जात नाहीत. वितरण कंपनी ती आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते, आणि तो दर आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. आर्थिक वर्ष जर ऑक्टोबरमध्ये सुरू झाले असते, तर याच कुटुंबाला वर्षभर एक युनिटही विकत घ्यावे लागले नसते. पण आर्थिक वर्ष आपल्या कूलरला विचारून ठरत नाही.

याच घरावर २ किलोवॅटचा संच बसवला, तर एप्रिल ते ऑक्टोबर मिळून सुमारे १,०२० युनिटे विकत घ्यावी लागतात, आणि मार्चअखेर सुमारे १६० युनिटे उरतात. याचा अर्थ तिसऱ्या किलोवॅटने दिलेल्या जवळपास १,३८० युनिटांपैकी सुमारे ६३० युनिटांनीच बिल कमी केले आणि ७५० युनिटे मार्चअखेरच्या स्वस्त विक्रीत गेली. अर्थात त्या ६३० पैकी निम्म्याहून अधिक युनिटे १०० च्या वरच्या महाग टप्प्यातील असल्यामुळे तिसरा किलोवॅट या घराला निरुपयोगी ठरत नाही. उन्हाळ्यात एसी चालवणाऱ्या घराने तो घ्यावाच असे माझे मत आहे. पण चौथा आणि पाचवा किलोवॅट या कुटुंबाने घेतला, तर त्यांची बहुतेक वीज ३१ मार्चला विकली जाईल, आणि त्या दोन किलोवॅटना अनुदानही मिळणार नाही.

स्वतःचे गणित मांडताना बारा महिन्यांचा वापर एका स्तंभात, अपेक्षित निर्मिती दुसऱ्या स्तंभात आणि पुढे जाणारी जमा तिसऱ्या स्तंभात लिहावी, आणि सुरुवात एप्रिलपासूनच करावी. जानेवारीपासून लिहिले तर हिशेब सुंदर दिसतो आणि खोटा ठरतो. संच सुरू करण्याची वेळ निवडता येत असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये काम पूर्ण करून घ्यावे, म्हणजे पहिला उन्हाळाच त्याच्या वाट्याला येतो.

अर्ज, मंजूर भार आणि अनुदान

पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजना केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केली. तिच्यात पहिल्या २ किलोवॅटसाठी प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये असे, ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे अशा सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात. राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ या नावाने जोडलेल्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १ किलोवॅटसाठी आणखी १७,५०० रुपये मिळतात, आणि महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या इतर घरांनाही काही पूरक रक्कम ठेवलेली आहे. कमी वापराच्या घराने हा लहान संचच घ्यावा.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर वीज ग्राहक क्रमांकाने करायचा असतो, आणि इथे महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी अशा जुन्या वस्त्यांतील घरांची गाडी हमखास अडते. बिल आजोबांच्या किंवा दिवंगत वडिलांच्या नावावर असते, अनुदान ज्या खात्यात जायचे ते मुलाचे असते, आणि नावे जुळत नाहीत. म्हणून विक्रेत्याला बयाणा देण्याआधी वीज जोडणीचे नाव बदलून घ्यावे. वारसांमध्ये घराची वाटणी व्हायची असेल, तर गच्चीच्या वापराबद्दल सर्वांची लेखी संमतीही तेव्हाच घ्यावी. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षे धरतात, आणि भाऊबंदकीला तेवढा वेळ लागत नाही.

वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेचा स्वतंत्र अभ्यास लागत नाही. अर्ज मंजूर झाला असे मानले जाते आणि गरज असल्यास मंजूर भारही (जोडणीवर एका वेळी वापरता येणाऱ्या विजेची मर्यादाही) त्याबरोबर वाढवला जातो. ५ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी वितरण यंत्रणा बळकट करावी लागली, तर तो खर्च वितरण कंपनीने करायचा असतो, आणि काम पूर्ण झाल्यावर संच कार्यान्वित करण्याची मुदत ३० वरून १५ दिवसांवर आली आहे. तरीही भारवाढीकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. एक फेजची जोडणी तीन फेज झाली तर स्थिर आकार बऱ्यापैकी वाढतो आणि तो कोणत्याही निर्यातीने भरून निघत नाही. लहान संचासाठी तीन फेजची गरज नसते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

अनुदान मिळण्यासाठी पॅनेलमधील सेलही भारतात बनलेले असावे लागतात, म्हणून देयकावर पॅनेलचे अनुक्रमांक लिहून घेणे आवश्यक आहे. आमच्या शेजारच्या घरी बसवलेल्या पॅनेलचे अनुक्रमांक पोर्टलवर चढवलेल्या यादीशी जुळेनात, आणि पॅनेल गच्चीवर पक्की झाल्यानंतर त्यांच्या खाली आडवे होऊन मागच्या पट्टीवरील बारीक आकडे वाचण्याची कसरत त्या गृहस्थांना करावी लागली. पॅनेल जमिनीवर असतानाच छायाचित्रे काढली तर हा त्रास वाचतो. विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल करणे योजनेत अपेक्षित आहे. करारात ते वाक्य शोधावे, आणि पॅनेल धुण्याचा खर्च कोणाचा हेही विचारून घ्यावे.

खरेदीवरचा जीएसटी

संपूर्ण सौर संच बसवून देण्याच्या करारात किमतीचा ७० टक्के भाग वस्तू आणि ३० टक्के भाग सेवा मानला जातो. वस्तूंवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, सेवेवरील १८ टक्के तसाच राहिला, म्हणून एकत्रित भार १३.८ वरून ८.९ टक्के झाला. करापूर्वीची किंमत १,६०,००० रुपये असेल, तर पूर्वी २२,०८० रुपये कर लागला असता आणि आता १४,२४० रुपये लागतो, म्हणजे ७,८४० रुपयांचा फरक पडतो. विक्रेत्याने दिलेल्या कोटेशनमध्ये जुना दर दिसला किंवा ‘सर्व करांसह’ एवढेच लिहिलेले असले, तर कराची रक्कम वेगळी दाखवणारे देयक मागावे. अनुदान मिळते म्हणून करपात्र किंमत कमी होत नाही, कारण ते नंतर ग्राहकाच्या खात्यात येते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग किंवा पत्र्याची शेड वेगळ्या करारात असेल, तर तिला तिचा स्वतःचा दर लागतो. घरगुती ग्राहकाला या कराची वजावट परत मिळत नाही.

निर्यात केलेल्या युनिटांवर जीएसटी आकारण्याचा किंवा त्यासाठी नोंदणी करण्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण विद्युत ऊर्जा जीएसटीतून मुक्त आहे. मार्च जवळ आला की हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतेच.

आयकर: काय मिळत नाही आणि काय दाखवावे

सौर संच बसवल्यामुळे पगारदार किंवा निवृत्त माणसाला आयकरात कोणतीही स्वतंत्र वजावट मिळत नाही. ‘८०सी मध्ये बसते’ असे सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याने ते कोटेशनवर लिहून द्यावे अशी विनंती करावी. विषय तिथेच संपतो. कर्ज काढले असेल, तर जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती किंवा नूतनीकरणाच्या कर्जावरील व्याज वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजा करता येते, आणि ही रक्कम गृहकर्जाच्या २ लाखांच्या मर्यादेच्या आतच मोजली जाते. सौर संच नूतनीकरणात बसतो की नाही याबद्दल दोन मते होऊ शकतात, म्हणून कर सल्लागाराला कर्जाचे मंजुरीपत्र दाखवूनच हा दावा करावा. नव्या करप्रणालीत स्वतःच्या राहत्या घरासाठी हा मार्गच नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. जुन्या क्रमांकाने सल्ला देणाऱ्याला कोणत्या वर्षाबद्दल बोलत आहात, हे विचारून घ्यावे.

घर भाड्याने दिलेले असेल, तर मालकाला भाड्याच्या उत्पन्नातून सरसकट ३० टक्के वजावट मिळतेच, आणि सौर संचाचा खर्च त्याव्यतिरिक्त दाखवता येत नाही. वीज वापरणारा भाडेकरू आणि पॅनेलचा खर्च करणारा मालक असेल, तर बचत कोणाची हे भाडेकरारात लिहावे.

अनुदानाची ७८,००० रुपयांची रक्कम बँक खात्यात दिसली की काहींना धास्ती वाटते. व्यवसायाशी संबंध नसलेल्या व्यक्तीला वैयक्तिक नात्याने मिळणारे गॅस अनुदान आणि तत्सम कल्याणकारी अनुदाने करपात्र नाहीत, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केले होते, आणि घरगुती सौर अनुदानाकडेही त्याच दृष्टीने पाहणे मला योग्य वाटते. महिन्याच्या बिलात वळती होणारी युनिटे म्हणजे आपल्याच खर्चात झालेली घट आहे. मार्चअखेर उरलेल्या युनिटांची रक्कम मात्र वेगळी आहे. ती आपल्या नावावर जमा झालेली मिळकत आहे, बहुधा थोडीच असते, आणि इतर स्रोतांतील उत्पन्नात दाखवून मोकळे होणे हाच मला सुरक्षित मार्ग वाटतो.

घरातच वकिली, दवाखाना किंवा शिकवणी चालवणाऱ्यांसाठी गणित निराळे आहे. सौर वीजनिर्मिती संचाला ४० टक्के घसारा, म्हणजे वस्तूच्या झिजेपोटी उत्पन्नातून वजावट, मिळतो, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. पूर्वी हा दर ८० टक्के होता आणि जुनी माहिती सांगणारे अजूनही तोच आकडा सांगतात. आधी किमतीतून अनुदान वजा करावे लागते. समजा संच १,८०,००० रुपयांचा आहे, अनुदान ७८,००० मिळाले आणि घरातील एकतृतीयांश वापर व्यवसायाचा आहे. तर घसारा १,०२,००० च्या तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे ३४,००० रुपयांवर मिळेल, आणि पहिल्या वर्षी पूर्ण दराने तो १३,६०० रुपये होईल. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत (जिथे जमेचा ठरावीक हिस्सा उत्पन्न मानतात) विवरणपत्र भरणाऱ्याला हा घसारा स्वतंत्रपणे मागता येत नाही, कारण तो आधीच दिला असे मानले जाते. विजेचा खर्च व्यवसायात दाखवताना प्रत्यक्ष भरलेल्या बिलाचाच हिस्सा घ्यावा. वाचलेल्या युनिटांची काल्पनिक किंमत खर्चात धरता येत नाही.

एक लहानसा फायदा मोठ्या घरांना होतो. वर्षभरात विजेवर १ लाख रुपयांहून अधिक खर्च करणाऱ्याला उत्पन्न करमुक्त मर्यादेखाली असले तरी विवरणपत्र भरावे लागते; सौर संचामुळे बिल त्या रेषेखाली आले, तर हे बंधन सुटते.

मालमत्ता कराच्या सवलतीचे आमिष दाखवून किंमत वाढवली जात असेल, तर महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयातून चालू वर्षाचा लेखी नियम मागावा आणि मगच तो आकडा हिशेबात धरावा. घर विकताना संचाचा खर्च सुधारणेच्या खर्चात मांडण्याचा प्रयत्न करता येतो, पण अनुदानाची रक्कम त्यातून वगळावी लागेल आणि मूळ देयक हातात असावे लागेल. थर्मल कागदावरील पावती दोन उन्हाळ्यांत कोरी होते, म्हणून तिची छायाप्रत काढून ठेवावी.

मार्चअखेरची फाइल आणि तक्रारीचा मार्ग

एका फाइलमध्ये कर देयक, पॅनेल व इन्व्हर्टरचे अनुक्रमांक, नेट मीटरचा करारनामा, कार्यान्वयन प्रमाणपत्र, अनुदान जमा झाल्याची बँक नोंद, आणि मीटर बदलला त्या दिवसाचे जुन्या व नव्या मीटरचे अंतिम व प्रारंभिक आकडे ठेवावेत. मीटर महिन्याच्या मध्यात बदलला जातो, त्यामुळे पहिले बिल दोन मीटरचे असते, आणि आकड्यांचा घोळ बहुतेक वेळा त्याच बिलात होतो. पहिली तीन बिले स्वतः तपासावीत. आधीच्या महिन्याची पुढे नेलेली जमा आणि या महिन्याची निर्यात यांची बेरीज करून त्यातून आयात वजा केल्यावर येणारा आकडा बिलावरील जमेशी जुळला पाहिजे. आयात त्याहून जास्त असेल, तर तेवढा फरक बिलातील युनिटांशी जुळला पाहिजे.

३१ मार्चला सायंकाळी पॅनेल थंडावल्यावर आयात-निर्यातीचे छायाचित्र काढावे, आणि एप्रिल किंवा मेच्या बिलात शिल्लक युनिटांची रक्कम जमा झाली का ते पाहावे. ती दिसली नाही किंवा युनिटे चुकली असतील, तर आधी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. तिथे समाधान न झाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हा अर्ज करावा लागतो. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर त्यानंतर ६० दिवसांत नागपूर येथील विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. या सर्व पायऱ्यांवर वकील लागतोच असे नाही. बारा महिन्यांची बिले, तीन स्तंभांचा तो कागद आणि तारखेसह मीटरची छायाचित्रे बरोबर न्यावीत.